‘नोंद सापडली नाही’ : ४३ बिलांबाबत आणि चुकीच्या शेऱ्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

नागपूर, दिनांक २६ नोव्हेंबर २०२४

विषय : ९ नोव्हेंबरच्या अपडेटनंतर ४३ विक्री बिले न उघडणे आणि आमची तक्रार ‘ग्राहकाची नोंदणीतील चूक’ असा शेरा मारून बंद करणे.

महोदय,

वाडी येथील गोदामातून आम्ही शेतीच्या मोटारपंपांचे सुटे भाग घाऊक विकतो आणि आमची बिले, साठा व उधारी हे सर्व सहा वर्षांपासून आपल्याच सॉफ्टवेअरवर चालते. शनिवार, ९ नोव्हेंबरच्या रात्री आपल्या तंत्रज्ञाने अपडेट बसवले. सोमवारी, म्हणजे जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) भरण्याच्या शेवटच्या दिवशी, सॉफ्टवेअरमधील ऑक्टोबरची विक्री आणि ई-इनव्हॉइसवरून जीएसटी पोर्टलवर आपोआप आलेली विक्री जुळेना, तेव्हा आमच्या दिवाणजींनी एकेक बिल तपासायला घेतले. एप्रिलपासूनची ४३ बिले यादीत क्रमांक व रकमेसह दिसतात, मात्र उघडताच ‘संबंधित नोंद सापडली नाही’ एवढाच संदेश येतो. कोणती नोंद, कोणत्या तक्त्यातली, कोणत्या क्रमांकाची, याचा त्यात उल्लेखच नाही. तो असता तर आमचे चार दिवस वाचले असते.

आपल्या मदत केंद्राला आम्ही पाच वेळा फोन केला आणि पाचही वेळा नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावे लागले. संगणक बंद करून सुरू करा, आर्थिक वर्ष बरोबर निवडले आहे का ते पाहा, वापरकर्त्याचे अधिकार तपासा, हे सर्व आम्ही केले. मुख्य प्रशासकाच्या लॉगिनवरही तीच त्रुटी येते. सांगितल्याप्रमाणे रीइंडेक्सही (माहितीची अनुक्रमणिका नव्याने बांधणे) केले, त्यासाठी भर रब्बीच्या हंगामात सहा तास बिलिंग बंद ठेवले, आणि एकही बिल उघडले नाही.

कारण शेवटी दिवाणजींनीच शोधले. ही बिले वेगवेगळ्या महिन्यांतली, वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांनी केलेली आहेत, परंतु प्रत्येकात सील, बुश किंवा इम्पेलर यांच्या तीन जुन्या आयटम कोडपैकी एक तरी आहे. अपडेटच्या वेळी सारख्या दिसणाऱ्या वस्तू एकत्र करताना हे तीन कोड आयटम मास्टरमधून, म्हणजे वस्तूंच्या मूळ यादीतून, काढले गेले, पण बिलांच्या ओळी अजून त्याच कोडकडे बोट दाखवतात. खात्री करण्यासाठी आम्ही ९ तारखेच्या दुपारचा बॅकअप वेगळ्या संगणकावर जुन्या आवृत्तीत उघडला, तर सर्व ४३ बिले नीट उघडली. चालू माहितीच्या प्रतीवर ते तीन कोड पुन्हा तयार केले, तेव्हा तिथेही बिले उघडली. मूळ माहितीला आम्ही हात लावलेला नाही.

इतके पुरावे ईमेलने पाठवल्यावर आलेले उत्तर असे : ‘बिले नव्याने भरावीत.’ हा सल्ला आम्ही मानू शकत नाही. जीएसटी नियम ४६ प्रमाणे बिलांना सलग आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारे क्रमांक लागतात; यातील बहुतेक बिलांचे आयआरएन (ई-इनव्हॉइसचे नोंदणी क्रमांक) तयार झालेले आहेत आणि ते पोर्टलवर २४ तासांनंतर रद्द करता येत नाहीत. शिवाय आम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहोत. १ एप्रिल २०२३ पासून आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे, तेव्हा एप्रिलमधली बिले नोव्हेंबरमध्ये पुन्हा का भरली, याचे उत्तर लेखापरीक्षकांना आम्ही काय द्यावे?

बिल उघडत नसल्याने आलेली रक्कम त्याच्यापुढे वळती होत नाही. त्यामुळे काटोलच्या एका विक्रेत्याला, ज्यांनी पै न पै चुकती केली आहे, सॉफ्टवेअरने आपोआप थकबाकीचे स्मरणपत्र पाठवले. आमचा त्यांच्याशी वडिलांपासूनचा व्यवहार आहे. मी स्वतः जाऊन त्यांची क्षमा मागितली. हमीच्या मुदतीत परत आलेली सीलही मूळ बिलाअभावी जमा करून घेता येत नाहीत, आणि ओलितासाठी खोळंबलेल्या शेतकऱ्याला सॉफ्टवेअरची अडचण सांगून उपयोग नसतो.

म्हणून आमची मागणी आहे की, जुन्या तीन कोडचा नव्या कोडशी संबंध जोडून देणारी दुरुस्ती आपण आधी आमच्या बॅकअपच्या प्रतीवर, दिवाणजींच्या समक्ष करून दाखवावी आणि बिलांचे क्रमांक, तारखा व बदलांचा इतिहास यांना धक्का न लावता ती मूळ माहितीवर करावी. नोव्हेंबरचे जीएसटीआर-१ आम्हाला ११ डिसेंबरपर्यंत भरायचे असल्याने हे काम ५ डिसेंबरपूर्वी व्हावे. बिघाडाचे कारण आपल्या लेटरहेडवर लेखी द्यावे, म्हणजे ते लेखापरीक्षकांपुढे ठेवता येईल.

आणि तक्रारीवरचा ‘ग्राहकाची नोंदणीतील चूक’ हा शेरा काढून टाकावा. ज्या दिवाणजींनी आपल्या सॉफ्टवेअरमधला दोष चार दिवस बसून शोधून दिला, त्यांच्याच कामावर तो शेरा आज आपल्या दप्तरी उभा आहे.

आपला,
संचालक
(मोटारपंपांच्या सुट्या भागांचे घाऊक विक्रेते, वाडी, नागपूर)

सोबत : ४३ बिलांची यादी, त्रुटीच्या संदेशाची छायाचित्रे, बॅकअपवर उघडलेल्या बिलांच्या प्रती.