तक्रार: बॉल जॉइंटचा टेपर चुकीचा, उत्तर मात्र फाटक्या बुटाचं

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: लोअर बॉल जॉइंटच्या (चाकाला खालून धरणाऱ्या सांध्याच्या) स्टडचा, म्हणजे दांड्याचा, टेपर (निमुळता उतार) सदोष असल्याबाबत आणि वॉरंटीचा दावा भलत्याच कारणाने नाकारल्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या वॉरंटी विभागाने माझा दावा तिसऱ्यांदा फेटाळला, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. आधीच्या मेलमध्ये मी मोजकंच लिहिलं आणि फोटो जोडले. ते फोटो कोणी नीट पाहिलेच नाहीत, असं आता माझं ठाम मत झालं आहे. त्यामुळे या वेळी सगळं शब्दांत लिहितो.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो, कारण तीच तुमच्या लोकांनी माझ्या गळ्यात बांधली आहे. पुढच्या डाव्या लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी जोड, गेले होते, खड्ड्यात चाक गेलं की खालून धपकन आवाज यायचा. बुश बदलायला आर्म काढावा लागतो आणि त्यासाठी बॉल जॉइंट नकलपासून (चाक ज्यावर बसतं त्या धातूच्या भागापासून) सोडवावा लागतो. तो काही सुटेना. पुलर (जॉइंट न ठोकता सोडवायचं अवजार) हाताशी नव्हता. शेवटी दोन दातांचा फोर्क घातला आणि वरून हातोडा. जॉइंट सुटला, पण फोर्कच्या दाताने जॉइंटवरचा रबरी बूट (ग्रीस आत ठेवणारं टोपण) उभा चिरला आणि काळं ग्रीस आर्मवर ओघळलं. फोर्क घातला की बहुतेक वेळा बूट जातो हे मला ठाऊक होतं, घाई नडली. नकलमध्ये स्टड बसतो त्या जाड भागावर बाजूने दोन खणखणीत घाव घातले असते, तर टेपर बहुधा आपोआप सुटला असता. असो. बूट फाटलेला जॉइंट परत बसवण्यात अर्थ नसतो. पाणी आणि माती आत जाते, ग्रीस धुपतं, बॉल कोरडा घासू लागतो. म्हणून तुमच्या कंपनीचा नवा मागवला.

बुटाचं मी पहिल्याच मेलमध्ये लिहिलं होतं. वाक्य असं होतं: ‘जुन्या जॉइंटचा बूट माझ्याकडून फाटला, म्हणून आपला नवा घेतला.’ त्यावर तुमचं उत्तर: ‘बसवताना बूट फाटल्यास वॉरंटी लागू होत नाही.’

अहो, जुन्याचा बूट फाटला. तो जॉइंट तुम्ही बनवलेलासुद्धा नाही.

दुसऱ्या मेलमध्ये मी हे समजावून सांगितलं आणि दोन्ही जॉइंट शेजारी ठेवून फोटो पाठवला. डावीकडचा गंजलेला, रिव्हेट छाटल्याच्या खुणा असलेला, बूट फाटलेला. उजवीकडचा काळा कुळकुळीत, बूट शाबूत, अंगावर तुमचं चिन्ह. तुमच्या उत्तरात त्याच फोटोचा हवाला देऊन लिहिलं आहे की ‘चित्रात बूट फाटलेला स्पष्ट दिसतो.’ स्पष्ट दिसतो खरा, पण डावीकडे.

आता मूळ दोषाकडे येतो.

माझ्या गाडीत कारखान्यातून आलेला जॉइंट आर्मवर तीन रिव्हेटनी बसवलेला होता. बदली जॉइंट बोल्टवर येतो, म्हणजे आधी रिव्हेट कापावे लागतात. आर्म व्हाइसमध्ये धरून, प्रत्येक रिव्हेटच्या मधोमध पंच मारून, आधी बारीक ड्रिल, मग मोठं, मग छिन्नी. अर्धा दिवस त्यातच गेला. हे सांगतो एवढ्यासाठी, की रिव्हेट एकदा कापले की मागे फिरता येत नाही. नवा जॉइंट बसला नाही, तर गाडी स्टँडवरच राहणार.

नवा जॉइंट आर्मवर तीन बोल्टनी छान बसला. त्याबद्दल काही तक्रार नाही, भोकं अगदी जागच्या जागी होती. आर्म गाडीला लावला, स्टड नकलच्या भोकात घातला, खालून जॅकने आर्म उचलून धरला आणि कॅसल नट (वर खाचा असलेला नट) तुमच्या पत्रकात दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या जोराला, टॉर्क रेंचने आवळला. मुलगी टॉर्च धरून शेजारी बसली होती. नट फिरू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन हातात देताना तिनेच विचारलं, “बाबा, ही घालायची कुठे?”

पाहिलं तर स्टडमधलं पिनेचं भोक नटाच्या खाचांमध्ये नव्हतंच, ते जवळजवळ पूर्ण खाचांच्या वर आलं होतं. पिन भोकातून आरपार गेली असती, पण नटाला तिचा काहीच अटकाव झाला नसता. भोक आणि खाच थोडी मागेपुढे असेल तर नट किंचित आणखी आवळून पुढची खाच जुळवतात, सैल कधी करत नाहीत, हे मला माहीत आहे. इथे तो प्रश्न नव्हता. नट फिरवून भोक खाली येणार नव्हतं, कारण स्टडच भोकात जास्त खोल गेला होता.

मी सगळं परत उतरवलं. या वेळी स्टड सोडवायला पुलर वापरला, तुमच्या बुटाला ओरखडासुद्धा नाही. स्टड आणि भोक कोरड्या फडक्याने पुसलं, स्टडच्या संपूर्ण टेपरवर मार्करची निळी शाई लावली, स्टड भोकात हाताने दाबून जरासा फिरवला आणि बाहेर काढला. टेपर जुळत असेल तर शाई सगळीकडून सारखी पुसली जायला हवी. इथे फक्त नटाच्या बाजूला चारेक मिलिमीटर रुंदीची एक कडी पुसली गेली होती. बाकी निळा रंग तसाच. स्टड बुंध्याशी, बुटाजवळ, धरून हलवला तर भोकात टिकटिक वाजत होता.

मग व्हर्निअरने मोजलं. 20 मिलिमीटर लांबीत जुन्या स्टडचा व्यास 18.2 वरून 15.7 मिलिमीटरवर येतो, म्हणजे दर 8 मिलिमीटरला 1. तुमचा स्टड तेवढ्याच लांबीत 17.4 वरून 15.4 वर येतो, म्हणजे दर 10 ला 1. तो बारीकही आहे आणि त्याचा उतारही वेगळा आहे. त्यामुळे तो सुमारे 3 मिलिमीटर खोल जातो, निमुळत्या टोकाला अडकतो आणि बुटाच्या बाजूला अर्धा मिलिमीटर फट राहते. खोक्यावरचा पार्ट नंबर माझ्या गाडीचाच आहे, जॉइंटच्या अंगावर ठोकलेला नंबरही तोच. म्हणजे दुकानदाराने चुकीचं खोकं दिलं, असंही म्हणता येत नाही.

टेपरची जोडणी नटाच्या जोरावर टिकत नाही, हे तुमच्या इंजिनीअरना मी सांगायला नको. नट फक्त स्टड आत ओढतो. भार पेलते ती टेपरची पूर्ण पकड. पकड एका कडीपुरती असेल तर दर खड्ड्याला स्टड भोकात डुलतो, भोक लंबगोल होत जातं आणि स्टडच्या मानेवर वाकण्याचा ताण येत राहतो. ती मान तुटली, तर चाकाला खालून धरून ठेवणारं काही उरत नाही. चाक बाहेर कोलमडतं आणि स्टीअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं.

माझ्या तिसऱ्या मेलला आलेलं उत्तर तर कमाल आहे. ‘नकलमधील भोक झिजलेले असू शकते. तसेच जोडणी अधिकृत गॅरेजमध्ये न केल्याने दावा ग्राह्य धरता येत नाही.’ भोक झिजलं असेल ही शंका रास्त आहे, ती मलाही आली होती. म्हणून दुसऱ्या उत्पादकाचा जॉइंट आणून त्याच भोकात तीच शाईची परीक्षा केली. शाई वरपासून खालपर्यंत सारखी पुसली, नट आवळल्यावर पिनेचं भोक खाचेच्या मधोमध आलं. तो बसवून व्हील अलाइनमेंट करून घेतलं, गाडी रोज चालते आहे, आवाज नाही. भोक झिजलेलं असतं, तर हाही बसला नसता. फोटो तेव्हाच पाठवले होते.

राहिलं अधिकृत गॅरेज. तुमच्या वॉरंटी कार्डवर तशी अट कुठेच नाही. उलट खोक्यात तुम्ही स्वतःच सचित्र पत्रक घालता: जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा, नवीन नट आणि नवीन पिन वापरा, टॉर्क अमुक इतका. हे पत्रक कोणासाठी छापलं आहे? आणि मी घरी काम केलं, म्हणून कारखान्यात घासला गेलेला स्टड काही बारीक होत नाही.

खरं तर घरी केलं म्हणूनच हा दोष हाती लागला. घाईच्या दिवशी इम्पॅक्ट गनने नट आवळला की तो घट्ट वाटतो. पिन भोकातून घालून टोकं वाकवली की कामही झाल्यासारखं दिसतं. गाडी बाहेर पडते. याच लॉटचे जॉइंट अशा किती गाड्यांखाली बसले असतील, याचा मी विचार करतो, आणि तुम्ही तो करत नाही, याचा मला जास्त राग आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. जॉइंटची पूर्ण किंमत आणि मला पडलेला कुरिअरचा खर्च परत करावा, हे झालं माझ्यापुरतं. त्याआधी मात्र याच लॉट नंबरचा शिल्लक माल विक्रीतून थांबवून त्यातले काही नग गेजवर तपासावेत आणि काय आढळलं ते मला लेखी कळवावं. लॉट नंबरचा फोटो सोबत पुन्हा जोडला आहे. दोष निघाला तर ज्यांना हा माल विकला, त्यांनाही कळवावं लागेल, हे वेगळं सांगायला नको. आणि कृपया या पत्राचं उत्तर वॉरंटी विभागाचा ठरावीक मजकूर चिकटवून देऊ नये. ज्या व्यक्तीने आयुष्यात एकदा तरी टेपर मोजला आहे, तिने ते लिहावं. पंधरा दिवसांत असं उत्तर आलं नाही, तर हीच सगळी कागदपत्रं ग्राहक आयोगाकडे जातील.

सदोष जॉइंट मी अजून परत पाठवलेला नाही, आणि तुम्ही पोच दिल्याशिवाय पाठवणारही नाही. नटासकट, शाई न पुसता, तुमच्याच खोक्यात ठेवला आहे. तुमच्याकडून कोणी पाहायला येणार असेल तर जरूर यावं. व्हर्निअर आणलं नाही तरी चालेल, माझ्याकडे आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, लॉट नंबरचा फोटो, दोन्ही स्टडच्या मापांचे आणि शाईच्या परीक्षेचे फोटो, आधीचा पत्रव्यवहार