इंजिन ड्रायव्हर काकांना, दुसऱ्या रेल्वे गेटावरून

ती. काका,
सा. न. वि. वि.

नाव घालायचं नाही, ही तुमची अट मान्य. बेळगावच्या टिळकवाडीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. घरी येऊन आभार मानायला बसलो की तुम्ही 'आधी चहा घे' म्हणून विषय मोडता. म्हणून आता चार लोकांसमोर लिहितोय, मध्येच चहा येणार नाही.

2018 चा जून होता. उद्यमबागेतल्या कारखान्यात मला सेकंड शिफ्ट, त्यामुळे सकाळ मोकळी आणि हातात हप्त्यावर घेतलेला कॅमेरा. रेल्वे यार्डाच्या भिंतीवरून उडी मारून मी आत शिरलो होतो. समोर एक जुनं आल्को डिझेल इंजिन उभं होतं, पावसात भिजून काळं चकचकीत झालेलं, आणि त्याच्या गरम बॉनेटवर पडलेल्या थेंबांची वाफ होत होती. मी शेजारच्या रुळांमध्ये एक गुडघा टेकून डोळा कॅमेऱ्याला लावला. तेवढ्यात मागून तोंडाने वाजवलेली शिट्टी आली आणि पाठोपाठ तुमची हाक: "ए, काय करूलालास रे तिथं? बाजूला हो!"

मी उठलो तो घाबरून, समजून नव्हे. मग दिसलं की मी बसलो होतो त्याच रुळावरून रिकाम्या वॅगन येत होत्या. इंजिन पार मागच्या टोकाला, ढकलत होतं. पुढच्या वॅगनचा आवाज म्हणाल तर सायकल गेल्याएवढा. यार्डात इंजिनाला घाबरतात सगळे, पण मारते ती ही मुकी वॅगन, हे तुम्ही नंतर सांगितलंत. त्या वेळी फक्त माझं मनगट धरून बाहेर आणलंत. एका हातात तुमची ड्यूटीची लोखंडी पेटी होती, दुसऱ्यात मी.

ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही चहा पाजलात आणि रेल्वे कायद्याचं 147 कलम ऐकवलंत: विनापरवाना आत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. वर म्हणालात, "आणि फोटो तरी कुठला मिळणार? आतनं दिसतं ते इंजिनाचं पोट. बाहेर उभा राहा की, अख्खं दिसतंय."

काका, लोक आभार मानतात ते आत घेऊन गेल्याबद्दल. मी मानतोय ते बाहेर काढल्याबद्दल. त्या दिवसापासून माझे फोटो गेटाच्या दांड्याअलीकडून, उड्डाणपुलावरून आणि प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पट्टीच्या मागूनच निघाले. प्लॅटफॉर्मसाठी परवानगीचा अर्जही तुमच्यामुळेच मार्गी लागला. रेल्वेचे साहेब धारवाडकडचे, माझं कानडी बाजारापुरतं. तुम्ही त्यांच्याशी कानडीत दहा मिनिटं बोललात. त्यातला 'हुच्च', म्हणजे वेडा, हा एकच शब्द मला कळला, आणि तो माझ्याविषयीच असावा. परवानगी मिळाली.

मी टर्नर आहे हे कळल्यावर तुमची शिकवणी खरी सुरू झाली. मी डोळ्यांनी इंजिन शोधायचो, तुम्ही म्हणालात कान वापर. आल्को चार स्ट्रोकचं, उभं असतानासुद्धा थांबत थांबत धडधडतं, म्हाताऱ्याला दम लागल्यासारखं. हुबळी शेडचं डब्ल्यूडीजी-4 हे मालगाडीचं डिझेल इंजिन दोन स्ट्रोकचं, त्याची घरघर एकसंध आणि वर बारीक शीळ. पहिलं 3100 अश्वशक्तीचं, दुसरं 4000 चं, हे आकडे मला आधीच पाठ होते. पण आल्को नॉच, म्हणजे ताकदीचा टप्पा, वाढवताना काळा धूर का सोडतं, हे विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही बशीत बोट फिरवून सांगितलंत: त्याचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, धुराच्या जोरावर फिरतो. ड्रायव्हरनं नॉच वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. हवा कमी पडते, तेल अर्धं जळतं, धूर काळा. डब्ल्यूडीजी-4 मध्ये टर्बोला सुरुवातीला इंजिनच गिअरनं फिरवतं आणि धुराला जोर आला की क्लच सुटतो. क्लच म्हटल्यावर मला एका क्षणात समजलं. माझ्या शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर मी आज लेथवर नसतो, पण ते जाऊ दे.

यातून फोटोचं गणित सुटलं. आल्कोचा धूर हवा असेल तर धावती गाडी पकडायची नाही, सुटणारी पकडायची. आठ नॉच असतात. पहिल्याला बटण दाबायचं नाही. तिसऱ्या-चौथ्याला गाडीला ओढ बसते, धूर सरळ वर जातो, तेव्हा दाबायचं. सकाळी उगवतीकडच्या बाजूला राहायचं म्हणजे ऊन इंजिनावर पडतं. हेडलाइट कॅमेऱ्याला फसवतो आणि काळं इंजिन आणखी काळं येतं, ते माझं मीच दोन महिने चुकून शिकलो. आणि तुमचा शेवटचा नियम: फोकस केबिनच्या बाजूला लिहिलेल्या नंबरवर. "नंबर वाचता आला पाहिजे. नाव नसलेल्या माणसाचा फोटो कोण ठेवतंय?"

गोव्याकडच्या कॅसलरॉक ते कुळे घाटाच्या गोष्टी इथं लिहीत नाही. 37 मीटरला एक मीटर चढ, मागून ढकलणारी बँकर इंजिनं, पावसात रुळावर वाळू सोडत चढायचं. ते तुमच्याच तोंडून ऐकण्यात मजा आहे. एवढंच लिहितो की त्या इंजिनांनी तुमचा डावा कान नेला, आणि मला ऐकायला शिकवलंत तुम्ही.

आता मिरज-लोंडा मार्गावर विजेच्या तारा आल्या, डिझेल इंजिनांचे दिवस सरले. मी हळहळलो तर तुम्ही म्हणालात, "चांगलं झालं की! नवीन पोरांचे कान तरी राहतील." यावर मला काही बोलता आलं नाही.

तर काका, एक कबुली. तुमच्या शेवटच्या ड्यूटीच्या दिवशी मी दुसऱ्या गेटावर उभा होतो, हे तुम्हाला माहीत आहे. लोंड्याकडून तुमची मालगाडी आली, इंजिनाला झेंडूचे हार, निम्मे वाऱ्यानं तुटलेले. बंद गेटाशी दोन्हीकडे दुचाकी खोळंबलेल्या आणि एकही हॉर्न वाजवत नव्हता, बेळगावात ही नोंद करण्यासारखी गोष्ट. उजेड कमी होता, म्हणून शटर मंद ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवला. फोटो मिळाला. मग इतकी वर्षं दाखवला का नाही?

कारण तुम्ही मला बघून झटकन मान वळवलीत आणि हात केलात. नंबर लख्ख आलाय, पाचही आकडे. खिडकीच्या काठावरची हिरवी झेंडी आलीय, हाराचा लोंबता दोरा आलाय. चेहरा मात्र हललाय. फोकस नंबरवर होता ना.

परवा तो मोठा करून घेतला. रविवारी घेऊन येतो. काकूंनी विचारलं की यात तुम्ही कुठं, तर सांभाळून घ्या.

आपला,
दुसऱ्या गेटाजवळचा कॅमेरावाला