मागच्या खोलीतल्या नेटबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

पॅसेजच्या भिंतीला भोक पाडून ती निळी वायर मागच्या खोलीत नेली म्हणून बाबा अजून धुसफुसतायत असं आई म्हणाली, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच पाठवते, फोनवर बोलायला गेलं की आपलं भांडण होतं आणि मग सगळे गप्प. बाबा, रंग दिवाळीतच दिला होता हे मला माहितेय, भोकाभोवती लांबी भरून घेऊ, पण वायर काढायची नाही.

मी यावर्षी ठाण्याला परत येत नाहीये, बँगलोरच्या ऑफिसला हो सांगून झालंय. तुम्ही दोघं "कर गं, आमची काळजी नको" म्हणालात, पण आईचा आवाज मला कळतो. पगाराचं आहे, कर्जाचं आहे, दादाही लांब आहे हे सगळं खरं, पण अँजिओप्लास्टीनंतर मी तिथे नसणार तर निदान मागच्या खोलीतून तुमचा चेहरा मला नीट दिसला पाहिजे. गोखले रोडचा आवाज नको म्हणून बाबा मागे झोपतात ते बरोबरच आहे, नेमकं तिथेच नेट पोचत नव्हतं. डॉक्टरांच्या व्हिडिओ कॉलमध्ये बाबांचं तोंड अर्धवट उघडं, चित्र थिजलेलं, आवाज गायब, ते बघून माझ्या पोटात काय झालं ते मलाच माहीत.

फायबर येते हॉलमध्ये, दाराच्या वरच्या डब्यात. मधे स्वयंपाकघर, फ्रीज आणि आपल्या जुन्या बिल्डिंगच्या जाडजूड भिंती. 5 गिगाहर्ट्झचं वायफाय अशा भिंतींपुढे लगेच मान टाकतं, 2.4 चं जरा लांब जातं पण शेजारपाजारच्या सगळ्यांचं तेच, त्यामुळे गर्दी. प्लगमध्ये खोचायचा रिपीटर स्वस्तात आला असता, पण साधा रिपीटर एकाच रेडिओवर घेतो पण आणि देतो पण, स्पीड निम्मा होतो. वायरला ही भानगडच नाही, कॅट-6 ची वायर 100 मीटरपर्यंत चालते आणि आपलं घर केवढं. बाबा, तुमचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं, वायरचं महत्त्व मी तुम्हाला काय सांगणार.

आई, तुझ्या मोबाइलवरचे फोटो टीव्हीवर दिसत नव्हते ना, त्यात तुझं काहीच चुकत नव्हतं. दादाचा जुना राउटर मागे स्वतःचं वेगळं नेटवर्क काढून बसला होता, टीव्ही हॉलच्या नेटवर आणि तुझा मोबाइल मागच्या, दोघांची गाठच पडत नव्हती. आता त्याला निळ्या वायरने हॉलच्या डब्याला जोडून नुसता ब्रिज, म्हणजे पूल, करून ठेवलाय. म्हणजे मोबाइल-टीव्हीला आयपी ॲड्रेस वाटायचं काम फक्त हॉलचा डबा करतो, मागच्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, मी बंद केलंय. दवाखान्यात दोन कंपाउंडर आपापले नंबर वाटायला लागले तर जो गोंधळ होईल तोच घरात झाला असता. दोन्ही डब्यांचा स्वतःचा पत्ता 192.168.1.1 होता म्हणून मागच्याचा शेवटचा आकडा 2 केला, आणि वायर लॅनच्या (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये लावली, वॅनच्या (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखाच, तुम्हाला काही बदलायचं नाही.

आणि बाबा, परवा सगळं नेट बसलं त्यात तुमचा काय दोष, लोंबकळणारी वायर दिसली की ती जागेवर लावणं हा तुमचा हातच आहे. पण त्या वायरचं दुसरं टोक त्याच डब्यात होतं, त्यामुळे लूप झाला, तोच डेटा गोल गोल फिरत राहिला आणि दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही. सगळे हिरवे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत होते बघा, ती त्याची खूण. हे आपोआप थांबवायला ऑफिसच्या नेटवर्क स्विचमध्ये (खूप वायरी जोडायच्या डब्यात) स्पॅनिंग ट्री नावाचं तंत्र असतं, रेडिया पर्लमन नावाच्या बाईंनी 1985 मध्ये काढलेलं, घरच्या स्वस्त डब्यांत ते बहुतेक नसतंच. ती जास्तीची वायर मी आईला कपाटात ठेवायला सांगितलीय, मागू नका तिच्याकडे.

दहावीला लाइट गेली की याच मागच्या खोलीत तुम्ही पुठ्ठ्याने मला वारा घालायचात आणि मी झोपले तरी थांबायचा नाहीत, आईने सांगितलं होतं मला. त्या खोलीसाठी एक भोक जास्त झालं तर होऊ दे बाबा.

आता नीट वाचा. नेट गेलं तर दोन्ही डबे बंद करा, आधी हॉलचा चालू करा, पॉनचा (PON लिहिलेला, फायबरचा) दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की मगच मागचा. लॉसचा (LOS लिहिलेला) दिवा लाल असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाहीये, बहुतेक ती तुटलीय, आपण काही करायचं नाही, कंपनीला फोन. बाबांच्या लॅपटॉपवर 169.254 ने सुरू होणारा आकडा दिसला तर त्याला नंबरच मिळालेला नाही, निळी वायर दोन्हीकडे टक् आवाज येईपर्यंत दाबा. मागच्या डब्याच्या बारीक भोकात पिन अजिबात घालायची नाही, रिसेट होऊन तो पुन्हा स्वतःचे नंबर वाटत सुटेल. ॲडॅप्टरची अदलाबदल नको, एक 12 व्होल्टचा आहे आणि एक 9 चा, मी चिठ्ठ्या चिकटवल्यात. कंपनीचा माणूस आला आणि मागचा राउटर काढा म्हणाला तर काढू देऊ नका, मला तिथूनच फोन लावा, मीटिंगमध्ये असले तरी उचलेन.

तलावपाळीला फिरायला जाताना बाबांनी मोबाइल खिशात ठेवायचा, घरी चार्जिंगला नाही. आणि गुरुवारी डॉक्टरांचा कॉल मागे पलंगावर बसूनच घ्या, रेंज येईल का म्हणून हॉलमध्ये उभं राहायचं नाही, बीपीची वही शेजारी ठेवा, आई, तू पण कॅमेऱ्यात ये, तुझ्या गुडघ्यांचं मी त्यांना विचारणार आहे.

तुमची,
मनू