तुझी इन्सर्ट क्वेरी अडते कुठे?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि कोडही पाहिला. तुझ्या पीएचपी स्क्रिप्टमधली इन्सर्ट क्वेरी, म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसात नवी नोंद घालायची आज्ञा, चालत नाहीये: फॉर्म भरला की पान निमूट पुढं जातं, टेबल उघडून पाहावं तर एक ओळ नाही. पीएचपीमायअॅडमिनच्या, म्हणजे ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायच्या साधनाच्या, फॉर्ममधून मात्र तीच नोंद झटक्यात पडते. ‘मग स्क्रिप्टलाच काय धाड भरलीय?’ असं तू वैतागून विचारलंयस.

क्वेरी आता आणखी बदलत बसू नकोस. डेटाबेस तुला चूक सांगतोय, पण तुझी स्क्रिप्ट ती ऐकूनच घेत नाहीये. तू क्वेरी चालवलीस आणि लगेच खालच्या ओळीत ‘नोंद झाली’ छापलंस. मधे काय उत्तर आलं ते तपासलंच नाहीस. पीएचपी 8.1 पासून, म्हणजे 2021 पासून, मायएसक्यूएलआय (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा भाग) चूक झाली की आपणहून एक्सेप्शन टाकतं, म्हणजे काम तिथंच थांबवून चूक पुढं करतं. तुझ्या सर्व्हरवर 7.4 आहे. तिथं नुसतं ‘फॉल्स’, म्हणजे ‘काम झालं नाही’ एवढंच उत्तर मिळतं, आणि ते आपण विचारलं तरच कळतं. म्हणून कनेक्शन जोडायच्या आधी मायएसक्यूएलआय रिपोर्ट या फंक्शनला ‘एरर’ आणि ‘स्ट्रिक्ट’ हे दोन्ही पर्याय दे. चाचणीच्या मशीनवर चुका पडद्यावर दिसू देत. खऱ्या साइटवर त्या लॉगमध्येच जायला हव्यात.

हे इतकं कळकळीनं सांगतोय, कारण माझ्या हातून हेच घडलंय. एका नोंदणीचा फॉर्म मी केला होता. तीन आठवड्यांनी एका बाईंनी विचारलं, ‘मी तीनदा फॉर्म भरला, यादीत माझं नाव का नाही?’ त्यांचं आडनाव डी'सूझा. क्वेरी मी तुझ्यासारखीच तुकडे चिकटवून केली होती: अवतरणचिन्ह, मग व्हेरिएबल, मग पुन्हा अवतरणचिन्ह. त्यांच्या नावातल्या ‘डी’नंतरच्या त्या एवढ्याशा चिन्हानं अवतरण तिथंच मिटवलं, आणि उरलेलं ‘सूझा’ डेटाबेसला आज्ञेचाच भाग वाटलं. त्यानं 1064 क्रमांकाची, म्हणजे क्वेरीची रचना चुकल्याची, चूक परत पाठवली. पडद्यावर मात्र त्या बाईंनी तिन्ही वेळा ‘आपली नोंद झाली आहे’ हेच वाचलं. मला फार लागलं ते. त्यांनी माझ्या पानावर विश्वास ठेवला होता.

तेव्हा चिकटवाचिकटवी सोडून दे. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापर: व्हॅल्यूच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि खरी व्हॅल्यू नंतर वेगळी बाइंड करायची, म्हणजे त्या जागेला जोडायची. म्हणजे कुणी काहीही टाइप करो, तो मजकूर मजकूरच राहतो, त्याची आज्ञा होत नाही. एसक्यूएल इंजेक्शनचं, म्हणजे फॉर्ममधून कुणी स्वतःची आज्ञा घुसवण्याचं, दारही तिथंच बंद होतं. प्रश्नचिन्हाभोवती अवतरण घालू नकोस. घातलंस तर ते साधं अक्षर ठरतं आणि बाइंड करताना संख्या जुळत नाही. बाइंडमधली ‘एस’ (मजकूर), ‘आय’ (पूर्णांक) ही प्रकार सांगणारी अक्षरंही प्रश्नचिन्हांइतकीच हवीत. टेबलाचं किंवा रकान्याचं नाव मात्र असं बाइंड करता येत नाही.

आता तुझ्या कोड्याबद्दल. तुझ्या टेबलात ‘रँक’ नावाचा रकाना आहे, आणि माझा संशय त्याच्यावरच आहे. मायएसक्यूएल 8.0 मध्ये हा शब्द राखीव झाला, म्हणजे तो डेटाबेसच्या स्वतःच्या भाषेतला शब्द ठरला. पीएचपीमायअॅडमिनचा फॉर्म रकान्यांच्या नावांना स्वतःच बॅकटिक (` हे चिन्ह) लावतो, तुझ्या स्क्रिप्टमध्ये ते नाहीत. तसं असेल तर 1064 येईल, आणि संदेशात ‘नियर’ (near) या शब्दाच्या पुढं हाच शब्द दिसेल. नियरनंतर दिसतो तो मजकूर म्हणजे वाचता वाचता डेटाबेस अडखळला ती जागा. चूक बहुतेक वेळा तिथंच किंवा तिच्या लगेच आधी असते. नियरपुढं काहीच नसेल तर क्वेरी अर्धवट संपलीय, एखादा कंस राहिला असेल. बॅकटिक लावून काम भागेल, पण रकान्याचं नावच बदललंस तर पुन्हा ही कटकट नको.

1142 आला तर मामला निराळा. पीएचपीमायअॅडमिनमध्ये तू रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून शिरतोस आणि स्क्रिप्ट दुसऱ्या युजरनं जोडते. त्या युजरला इन्सर्टची परवानगीच नसेल. 1136 म्हणजे रकाने आणि व्हॅल्यूज मोजून घे. 1364 म्हणजे डीफॉल्ट (आपोआप भरली जाणारी व्हॅल्यू) नसलेला एखादा रकाना तू क्वेरीतून वगळलायस.

आणि अभिप्रायाच्या रकान्याचं आत्ताच बघून ठेव. तुझं टेबल जुन्या युटीएफएट या कॅरेक्टर सेटवर (अक्षरं साठवायच्या पद्धतीवर) आहे, त्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त 3 बाइट मिळतात. देवनागरी त्यात बसते, म्हणून आजवर काही जाणवलं नाही. इमोजीला 4 लागतात. कुणी एक टाकला की 1366 क्रमांकाची चूक. टेबल 4 बाइट देणाऱ्या युटीएफएट-एमबीफोरवर ने, आणि कनेक्शनचा कॅरेक्टर सेटही तोच ठेव. नुसतं टेबल बदलून भागत नाही.

रिपोर्टची ती एक ओळ टाकून आजच फॉर्म एकदा भरून बघ. येईल तो संदेश आकड्यासकट, जसाच्या तसा पाठव. मी वाट बघतोय.

तुझाच,
मित्र