नव्या स्टेडियमच्या बदल्यात आमचे मैदान मागू नका : मंत्रिमहोदयांस खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : परळमधील फुटबॉल क्लबचे दहिसरकडील नव्या स्टेडियममध्ये प्रस्तावित स्थलांतर.

महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी सकाळी आमच्या मैदानाच्या कोपऱ्यातील पत्र्याच्या खोलीवर एक नोटीस डकवलेली आढळली. या खोलीत गोलची जाळी, चेंडू, फक्कीच्या दोन-तीन गोण्या आणि एक जुने स्ट्रेचर एवढाच आमचा ऐवज असतो. तीस दिवसांच्या आत खोली रिकामी करावी, क्लबने आपले सर्व 'क्रीडाविषयक उपक्रम' दहिसरच्या बाजूस उभ्या राहिलेल्या नव्या स्टेडियममध्ये हलवावेत आणि सध्याची जागा 'बहुउद्देशीय वापर व वाहनतळ' यांसाठी मोकळी करून द्यावी, असे तिच्यात नमूद केले आहे. ही नोटीस ज्या खात्याने काढली त्याचे नाव मी येथे मुद्दाम घेत नाही, कारण नाव घेतले की ते खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते आणि दुसरे तिसऱ्याकडे, आणि त्या बोटांच्या मागे जिने चढण्याचे माझे वय आता राहिलेले नाही.

आमच्या सुवर्णमहोत्सवी समारंभाला आपण प्रमुख पाहुणे होता, हे आपल्या स्मरणात असेलच असे नाही. त्या संध्याकाळी भाषणात आपण स्पष्ट सांगितले होते की नवे स्टेडियम हे जादा मिळणार आहे आणि या मैदानाच्या इंचभर जागेलाही कोणी हात लावणार नाही. त्यानंतर आपण चेंडू टोलवलात, छायाचित्रे निघाली आणि मुले रात्री उशिरापर्यंत नाचली. निवडणूक तेव्हा तोंडावर आली होती, हा योगायोग मी योगायोगच मानला होता.

आमचा नव्या स्टेडियमला विरोध नाही, हे प्रथम नोंदवतो. आमचे मैदान काही नंदनवन नव्हे. जूनच्या मध्यापासून उजव्या बाजूच्या गोलसमोर घोट्याएवढा चिखल होतो, मारलेली फक्की अर्ध्या तासात वाहून जाते आणि सामन्याच्या सकाळी चुना कुठे होता हे आठवून रेषा पुन्हा ओढाव्या लागतात. मुलींचा संघ आम्ही सुरू केला खरा, पण त्यांना कपडे बदलायला याच पत्र्याच्या खोलीत चादर बांधावी लागते, याची मला लाज वाटते. आमचा प्रशिक्षक तरुण आहे, तो मनापासून नव्या स्टेडियमच्या बाजूने आहे, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नाही : सपाट हिरवळीवर आणि प्रकाशझोतात खेळल्याशिवाय मुलांचा पहिला स्पर्श, म्हणजे आलेला चेंडू पायावर ताब्यात घेणे, सुधारत नाही आणि वरच्या पातळीवर जायचे तर मैदानाच्या अटी पूर्ण कराव्याच लागतात. कार्यकारिणीत या प्रश्नावर आमची चांगलीच खडाजंगी झाली. मात्र परळचे मैदान सोडून जावे, असे त्या बैठकीत त्यानेसुद्धा म्हटले नाही.

मुंबईतल्या खालच्या डिव्हिजनचा क्लब म्हणजे काय, हे आपल्या अधिकाऱ्यांना बहुधा कोणी सांगितलेले नाही. आमचे लीगचे सामने जिथे लागतील तिथे जाऊन आम्ही खेळतो. आज बांद्रा, उद्या क्रॉस मैदान, परवा आणखी कुठे. त्यामुळे प्रेक्षकांची गॅलरी, पाहुण्यांची खास दालने आणि मोठा गुणफलक यांचा आम्हाला काडीचाही उपयोग नाही. आमच्याकडे क्लब म्हणावे असे जे काही आहे ते सकाळी साडेसहाचा आणि रात्री आठचा सराव एवढेच आहे, आणि हा सराव घरापासून चालत येता येते म्हणूनच होतो. आमचा गोलरक्षक एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करतो. मधल्या फळीतला आमचा सगळ्यात चांगला मुलगा रुग्णालयात कंत्राटी वॉर्डबॉय आहे आणि रात्रपाळी संपवून थेट मैदानावर येतो. चौदा-पंधरा वर्षांची मुले दुपारच्या सत्राच्या शाळेत आहेत. सराव आटोपून, आंघोळ करून, जेवून ती बारा वाजता वर्गात असतात. या सगळ्यांनी दहिसरला जावे, असे ज्याने ठरवले त्याने सकाळी प्रभादेवी स्टेशनवर उभे राहून पाहिले आहे काय? एलफिन्स्टनचा रस्त्यावरचा पूल पाडल्यापासून या भागात पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणे म्हणजे काय असते, हे त्याने अनुभवले आहे काय? 29 सप्टेंबर 2017 रोजी याच स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 माणसे मेली, आणि त्या वेळी आमच्या विभागातली मुले रक्त द्यायला रांगेत उभी होती. मुलांना खांद्याला किटबॅग लावून त्याच जिन्यावरून रोज पाठवा, आणि संध्याकाळी परतीच्या वेळी विरारहून येणाऱ्या गाडीत चढवा, असे तुम्ही आईबापांना सांगा. मला ते जमणार नाही.

शिवाय तिथे जाऊन मिळणार काय, हेही पाहा. नोटिशीसोबत नव्या स्टेडियमचे दरपत्रक जोडले आहे. 'स्थानिक क्लबांसाठी सवलतीचा दर' म्हणून जो आकडा त्यात छापला आहे, त्या दराने आठवड्यातून चार सराव घेतले तर आमची वर्षभराची सगळी जमा सव्वा महिन्यात संपते. ही जमा म्हणजे सभासदांची वर्गणी, गणेशोत्सव मंडळाची देणगी आणि जर्सीच्या पाठीवर नाव छापणाऱ्या फरसाणवाल्याची मदत. अनामत रक्कम वेगळी, प्रकाशझोताचे पैसे वेगळे, आणि शनिवार-रविवारची संध्याकाळ 'संस्थात्मक आरक्षणासाठी' आधीच राखून ठेवलेली. म्हणजे इथले मैदान वाहनतळाला आणि तिथले मैदान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या हौशी स्पर्धांना. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी आमची गत झाली आहे.

थोडे स्वतःविषयी लिहितो, कारण या फायलीत माणसे आहेत हे कुठेतरी नोंदले गेले पाहिजे. माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते आणि 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी याच मैदानावर डावा बचावपटू होतो. त्या वर्षांत घरात दोन वेळचे जेवण कधी व्हायचे, कधी नाही, पण संध्याकाळी मैदान होते, म्हणून आमच्यातले अनेक जण वाया गेले नाहीत. जे गेले त्यांची नावेही मला पाठ आहेत. पुढे मला बँकेत कारकुनी मिळाली. निवृत्तीनंतर आलेल्या फंडातून गोलपोस्ट लोखंडी झाले, पहिली दोन वर्षे मुलींच्या बुटांचे पैसे गेले, आणि आमच्या घरात त्यावरून जे बोलणे झाले ते मी येथे लिहीत नाही. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी कधीची सांगितली आहे आणि मी ती लीग संपली की करू म्हणून पुढे ढकलतो आहे. वयाच्या या टप्प्यावर मला अधिकाऱ्याच्या दालनाबाहेर बाकड्यावर बसवून, साहेब मीटिंगमध्ये आहेत, असे तेच तेच सांगितले जाते. आत जाऊन आलेला ठेकेदार मात्र चहा पिऊन बाहेर पडतो. माझ्या अर्जावर शेवटी शेरा मिळाला तो असा, की अर्जदाराने पर्यायी जागेचा 'सकारात्मक विचार' करावा.

महोदय, या शहरात फुटबॉल कशाने मेला, याचा इतिहास तुमच्या खात्यांनी वाचायला हवा. रोव्हर्स कप 1891 मध्ये मुंबईत सुरू झाला. देशातील सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी ती एक. हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे तो जिंकला, आणि त्या काळी कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर जागा मिळवण्यासाठी लोक कामावरून लवकर निघत, असे माझे वडील सांगत. या शतकाच्या सुरुवातीला ती स्पर्धाच बंद पडली. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईत खेळणारा होता, आणि भारत त्या स्पर्धेत चौथा आला होता. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, आरसीएफ अशा कंपन्यांच्या टीम होत्या, फुटबॉलवर नोकरी मिळत होती. त्यातले बहुतेक आज इतिहासजमा झाले आहे. महिंद्र युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. 2007 साली स्थापन झालेला मुंबई एफसी दहा वर्षांत संपला. देशाची सर्वोच्च लीगही जुलै 2025 मध्ये करारावरून अडकून पडली. ज्यांच्याकडे पैसा, बस, परदेशी खेळाडू आणि भाड्याचे स्टेडियम होते ते गेले; परळ, नायगाव, आग्रीपाडा, माहीम, कुलाबा इथे ज्यांच्या पायाखाली मैदान होते ते रडतखडत का होईना उभे आहेत. स्टेडियम बांधल्याने फुटबॉल येत नाही, हे सिद्ध करायला अंधेरीत 2018 च्या जूनमध्ये भारताचा सामना पाहायला अडीच हजारांच्या आसपासच माणसे आली होती, एवढी एक गोष्ट पुरे आहे. कर्णधार सुनील छेत्रीला चित्रफितीतून हात जोडून, आम्हाला शिव्या द्यायला तरी या, असे लोकांना विनवावे लागले, तेव्हा कुठे पुढच्या सामन्याला गॅलरी भरली.

आणि हा प्रश्न एका क्लबचा थोडाच आहे? 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी ठेवला होता. 2001 मध्ये नियमात अशी दुरुस्ती झाली की ही वाटणी गिरणीचे बांधकाम असलेली जमीन सोडून फक्त रिकाम्या जमिनीचीच होईल, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आमच्या खिडकीतून दिसणारे मनोरे त्या दुरुस्तीवर उभे आहेत. मुंबईत माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर मोकळी जागा येते, असे नेहमी सांगितले जाते. त्या सव्वा मीटरमधले आमच्या मुलांचे काही इंच तुम्हाला गाड्या लावायला हवे आहेत. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरची 120 एकर जागा उद्यानासाठी घेतली गेली. मी कागदावर गुणाकार करून पाहिला, तर त्यात पूर्ण मापाची साठाहून अधिक फुटबॉल मैदाने बसतात, पण एकही बसवावे असे कोणाला सुचल्याचे ऐकिवात नाही. महापालिकेचे 2025-26 चे अंदाजपत्रक 74,427 कोटींचे. 227 प्रभागांना भागले तर प्रभागामागे सव्वातीनशे कोटी. अंदाजपत्रक असे वाटले जात नाही, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला कळते. तरीही त्यातले काही लाख आमच्या मैदानावरच्या निचऱ्याच्या नळ्यांसाठी आणि मुलींच्या कपडे बदलण्याच्या एका खोलीसाठी निघत नाहीत, हे मात्र कळत नाही. ज्या वर्षांत या शहराला नगरसेवकच नव्हते, त्या वर्षांत हा मैदानाचा प्रस्ताव कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर गेला, हे आम्हाला विचारण्याचीही सोय नव्हती.

14 डिसेंबर 2025 रोजी मेस्सी मुंबईत आला. जगातल्या सर्वांत मोठ्या फुटबॉलपटूचे स्वागत या शहराने कुठे केले, तर वानखेडेवर, क्रिकेटच्या मैदानात. आमची काही मुले पदरमोड करून तिकीट काढून गेली होती आणि आनंदाने परत आली. त्यांच्या आनंदावर पाणी ओतण्याची माझी इच्छा नाही. व्यासपीठावर बसलेल्यांना मात्र विचारावेसे वाटते की रविवारी एवढे फुटबॉलप्रेम दाखवणाऱ्या सरकारला सोमवारी परळमधल्या एका मैदानावर वाहने का लावायची असतात?

आता मागण्या, त्या फार नाहीत. ही नोटीस लेखी आदेशाने मागे घ्यावी आणि मैदानाचे विकास आराखड्यातील खेळाचे आरक्षण बदलले जाणार नाही, असे त्याच आदेशात लिहावे. भाषणातले आश्वासन आम्ही एकदा घेऊन पाहिले आहे. नवे स्टेडियम द्यायचेच असेल तर महिन्यातून दोन रविवार आमच्यासारख्या क्लबांना विनामूल्य द्यावेत, म्हणजे आमच्या प्रशिक्षकाची हौसही भागेल आणि मुलांना हिरवळही कळेल. तेवढ्या प्रवासाची सोय आम्ही वर्गणी काढून करू. मुलींची खोली मात्र इथेच, परळमध्ये, या पावसाळ्याआधी हवी.

एक शेवटची विनंती. हे पत्र आपल्या कार्यालयात पोहोचल्यावर ते 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी' नोटीस काढणाऱ्या अधिकाऱ्यांकडेच पाठवू नये. माझ्या मागच्या तक्रारीचे उत्तर त्यांनीच, त्यांच्याच बाजूने, अतिशय शुद्ध मराठीत दिले होते.

कळावे,

आपला,
मानद चिटणीस,
परळमधील एक फुटबॉल क्लब