माझं हेल्थ कार्ड कधी येणार त्याबद्दल

ती. आई-बाबा,

कॉलवर आवाज तुटतो आणि बाबा निम्मंच ऐकून रात्रभर काळजी करत बसतात, म्हणून लिहूनच टाकते. आधी एक, पैसे पाठवू नका आणि एफडी मोडायचं तर नावच काढू नका.

बाबा, तुम्ही म्हणता जावई कॅनडाचा सिटिझन, मग तुझा दवाखाना फुकट का नाही. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवतात तसं इथे नसतं हो. ओहिप म्हणजे आमच्या प्रांताची, ऑन्टारियोची सरकारी हेल्थ स्कीम, त्यात प्रत्येकाचं कार्ड वेगळं, आणि ते लग्नावर नाही तर ज्याच्या त्याच्या स्टेटसवर मिळतं. गंमत बघा, वर्क परमिटवर आलेल्या माणसाला ओहिप मिळालं की त्याच्या बायकोलाही मिळतं, पण नवरा सिटिझन असेल तर बायकोने स्वतःचे कागद दाखवायचे! मला तरी हे उलटंच वाटतं, पण नियम आहे.

ह्यांनी मला बायको म्हणून स्पॉन्सर केलंय, ती फाइल पोचल्याचं पत्र आलंय, पण तेवढ्याने भागत नाही, मी पीआरला, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याला, अर्ज करायला पात्र आहे असं इमिग्रेशनने कळवलं की ते पत्र घेऊन सर्व्हिस ऑन्टारियो या सरकारी ऑफिसात जायचं. पीआर हातात येईपर्यंत थांबावं लागत नाही, हे महत्त्वाचं. दुसरा रस्ता म्हणजे ओपन वर्क परमिट (कुठल्याही कंपनीत काम करायचा परवाना) आलं आणि इथल्या कंपनीत किमान सहा महिन्यांची फुल टाइम नोकरी लागली तरी कार्ड मिळतं. मावशीची मुलगी तीन महिने थांबायचं म्हणते ते व्हँकुव्हरकडचं, तिथे आल्याचा महिना संपून वर दोन महिने जातात. ऑन्टारियोत ती अट मार्च २०२० मध्ये कोविडच्या वेळी काढून टाकली. प्रत्येक प्रॉव्हिन्सचं वेगळं असतं, तिच्यावरून माझा हिशोब लावू नका.

तोवर प्रायव्हेट पॉलिसी घेतलीये, अचानक काही झालं तर त्यातून होईल. थायरॉइडचं चेकिंग त्यात नाही, ते खिशातून. आणि कार्ड आलं तरी दात, चष्मा, मेडिकलमधली औषधं माझ्या वयाला ओहिप देत नाहीच, त्यामुळे तिकडे सगळं फुकट असं शेजारी सांगू नका.

आई, तू आडून आडून विचारतेस त्याचंही सांगते. ऑन्टारियोत राहणाऱ्या बाईला कार्ड नसलं तरी मिडवाइफची फी लागत नाही, ती सरकार देतं. सुईण म्हणून नाक मुरडू नकोस, चार वर्षांची युनिव्हर्सिटीची डिग्री असते त्यांची. पण हॉस्पिटलचं बिल आपल्यावरच येतं, म्हणून कार्डाआधी तो विषय नको असं आम्ही दोघांनी ठरवलंय. आता लगेच बाबांना सांगू नकोस, ते हे वाचतायतच.

दिवाळीला येणं मात्र जमणार नाही. फाइल इनलँड आहे, म्हणजे कॅनडात राहूनच केलेली, बाहेर पडले आणि परत येताना एअरपोर्टवर अडवलं तर सगळंच लटकेल. तुमच्या सुपर व्हिसाचंही (आई-वडिलांना इथे जास्त दिवस राहता येतं तो) माझा पीआर झाल्यावरच, जावयाच्या नावावर सासू-सासऱ्यांना तो मिळत नाही.

थायरॉइडच्या गोळ्या कुणाच्या बॅगेत देऊ नका, इथे प्रवाशाला फक्त स्वतःचीच औषधं आणता येतात. त्यापेक्षा बाबा, माझे जुने रिपोर्ट झेरॉक्सवाल्याकडून सरळ स्कॅन करून मेल करा, मोबाइलवर तिरके फोटो काढू नका, मागच्या वेळचा टीएसएचचा (थायरॉइडच्या टेस्टचा) आकडाच कापला गेला होता.

तुमची,
सोनू