गॅलियमचे काम नागपूरने हाती घ्यावे

मा. संपादक,
स. न.

चिपवरच्या निर्बंधांची आपल्याकडची चर्चा अमेरिकेच्या ७ ऑक्टोबर २०२२ च्या नियमांभोवतीच फिरते : कोणते यंत्र चीनला द्यायचे आणि कोणते नाही. चीनने मात्र उत्तर दिले ते धातू अडवून. त्यातल्या एका धातूशी नागपूरचा जवळचा संबंध आहे, म्हणून हे पत्र.

१ ऑगस्ट २०२३ पासून चीनमधून गॅलियम आणि जर्मेनियम बाहेर न्यायला परवाना लागतो. माल कोण घेणार, कशासाठी वापरणार याचे कागद द्यायचे आणि ४५ कामकाजाच्या दिवसांपर्यंत वाट पाहायची. त्या ऑगस्टमध्ये चीनची या धातूंची निर्यात शून्य नोंदली गेली. ३ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेला होणारी विक्रीच बंद झाली. ती बंदी सध्या स्थगित आहे, तीही २७ नोव्हेंबर २०२६ पर्यंतच, आणि परवान्याची अट कायम आहे. जगातले जवळजवळ सगळे कच्चे गॅलियम, सुमारे ९८ टक्के, एकाच देशातून येते. अशा वेळी बंदी घालायचीही गरज नसते, फाइल अडवली तरी भागते. मोबाइलमधले सिग्नल ॲम्प्लिफायर, रडार, एलईडी, छोटे फास्ट चार्जर या सगळ्यांना गॅलियम आर्सेनाइड किंवा गॅलियम नायट्राइड लागते.

गॅलियमची वेगळी खाण नसते. ते बॉक्साइटमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजात, टनामागे साधारण ५० ग्रॅम असते. बॉक्साइट गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवून ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) काढतात आणि तेच द्रावण पुन्हा पुन्हा फिरवतात, त्यामुळे त्यात गॅलियम साठत जाऊन लिटरमागे १०० ते ३०० मिलिग्रॅमपर्यंत पोचते. वर्षाला १० लाख टन ॲल्युमिना करणाऱ्या कारखान्यात ३० लाख टनांच्या आसपास बॉक्साइट येते, म्हणजे सुमारे १५० टन गॅलियम. बरेचसे लाल चिखलात, म्हणजे ॲल्युमिना काढल्यावर उरणाऱ्या गाळात, आणि ॲल्युमिन्यात जाते, पण एक तृतीयांश हाती आले तरी ५० टन झाले. २०२४ मध्ये साऱ्या जगाचे उत्पादन ७६० टनांच्या घरात होते!

काढायची रीत माहीत आहे, अडचणी बारकाव्यांत आहेत. ॲल्युमिना काढून उरलेल्या द्रावणाचा एक हिस्सा आयन-एक्स्चेंज रेझिनच्या, म्हणजे द्रावणातले ठरावीक धातू धरून ठेवणाऱ्या कणांच्या, स्तंभातून सोडतात. रेझिन गॅलियम धरते, पण व्हॅनेडियम हा दुसरा धातूही धरते. ते आधी वेगळे केले नाही तर पुढे इलेक्ट्रोलिसिसमध्ये, म्हणजे द्रावणातून वीज सोडून धातू जमवताना, वीज हायड्रोजन सोडण्यात वाया जाते आणि कॅथोडवर (ऋण टोकावर) गॅलियम जमत नाही. लोखंडाचा अंशही तेच करतो. शिवाय तीव्र सोड्यात रेझिन हळूहळू निकामी होते, खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. एवढे करून मिळते ९९.९९ टक्के शुद्ध गॅलियम. चिपसाठी ९९.९९९९ किंवा त्याहून जास्त लागते, त्यासाठी वारंवार गोठवून शुद्ध करावे लागते.

साठवणुकीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. हा धातू २९.८ अंशांवर वितळतो, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात गोदामात तो द्रवच असणार. गोठताना तो सुमारे ३ टक्के फुगतो, म्हणून काचेच्या बाटलीत भरू नये. प्लास्टिकची बाटली घ्यावी आणि वर जागा सोडावी. ॲल्युमिनियमला तो लागला तर ॲल्युमिनियम ठिसूळ होते, आणि विमानांत ॲल्युमिनियमच असते, त्यामुळे विमानाने पाठवायचे नियमही कडक आहेत.

उत्तर प्रदेशातल्या रेणुकूट आणि ओडिशातल्या दामनजोडीच्या ॲल्युमिना कारखान्यांत पूर्वी गॅलियम काढले जात होते. आज देशाच्या ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत ते आहे. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आपल्या शहरात आहे आणि जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र शहराला लागून असलेल्या वाडीत. ब्युरोने प्रत्येक कारखान्यातल्या द्रावणाचे गॅलियम आणि व्हॅनेडियमचे आकडे दर तिमाहीला जाहीर करावेत, कारण खाण बदलली की हे प्रमाण बदलते. वाडीच्या केंद्राने कारखान्यातून आणलेल्या द्रावणावर रेझिनचा स्तंभ निदान सहा महिने अखंड चालवून रेझिन किती फेऱ्या टिकते ते नोंदवावे. प्रयोगशाळेत स्वतः बनवलेल्या स्वच्छ द्रावणावरचे निष्कर्ष इथे उपयोगाचे नाहीत.

केंद्र सरकारने खरेदीची हमीही आधीच द्यायला हवी. जर्मनीतल्या श्टाडे इथल्या कारखान्याने २०१६ मध्ये गॅलियम काढणे थांबवले, कारण स्वस्त चिनी मालापुढे त्याचा टिकाव लागला नाही. परवाने सैल झाले की भाव पुन्हा पडणार, आणि तेव्हा किमान दहा वर्षांच्या खरेदी कराराशिवाय इथला कोणताही कारखाना हे काम चालू ठेवणार नाही.

– एक वाचक, नागपूर